गाठ नेमकी कोणाच्या पेशींची?

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत परवा एकाने, आईचे मूत्रपिंड मिळालेल्या नात्यातील मुलाला लसिकाग्रंथींचा विकार झाल्याचे सांगितले आणि ‘आईच्या किडनीतूनच कॅन्सर आला’ असा निष्कर्षही लगेच काढला. प्रत्यक्षात मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर होणाऱ्या अशा गाठींतील पेशी बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच असतात. प्रौढ रुग्णांत अशा गाठी होण्याचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के आहे.

यांपैकी बऱ्याच गाठींच्या मुळाशी १९६४ मध्ये शोधला गेलेला एपस्टाइन-बार विषाणू असतो. ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या बी-पेशींत (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींत) तो जन्मभर निपचित पडून असतो. एरवी बी-पेशीची वाढ टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीच्या संमतीने होते. टी-पेशी तिच्यावरील सीडी-४० हे ग्राही प्रथिन चेतवते, तेव्हा आत वाढीची जनुके जागी होतात. विषाणूचे एलएमपी-१ हे प्रथिन मात्र बी-पेशीच्या पटलात बसून, कोणीही न चेतवता, तोच संदेश अखंड देत राहते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एलएमपी-१ म्हणजे पाणी असो वा नसो, उघडाच राहिलेला दरवाजा. शिवाय एलएमपी-२ए हे दुसरे प्रथिन, परके काही भेटल्याची खोटी वर्दी पेशीला देते.

निरोगी शरीरात मारक टी-पेशी अशा बी-पेशी वेळीच नष्ट करतात. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिले जाणारे टॅक्रोलिमस हे औषध टी-पेशींतील कॅल्सिन्युरिन या विकराला (एन्झाइमला) रोखते. त्यामुळे टी-पेशींना वाढीचा संदेश देणारे इंटरल्युकिन-२ हे प्रथिन पुरेसे तयार होत नाही आणि टी-पेशींची संख्या वाढत नाही. नवे मूत्रपिंड टिकते ते यामुळेच, आणि विषाणूला मोकळीक मिळते तीही यामुळेच. (अशा रुग्णाला ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ काढा आग्रहाने पाजणाऱ्या हितचिंतकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.)

आमच्या स्नेह्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश एवढाच की, ज्याला हा विषाणू पूर्वी कधी झालेला नाही, विशेषतः लहान मूल, त्याला तो दात्याच्या अवयवाबरोबर मिळू शकतो आणि मग धोका बराच वाढतो.

उपचाराची पहिली पायरी सहसा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कमी करणे ही असते. तेवढ्याने काही गाठी विरतात, हे प्रत्यारोपण-शल्यविशारद थॉमस स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये नोंदवले. न विरल्यास बी-पेशींवरील सीडी-२० ला लक्ष्य करणारे रिटुक्सिमॅब हे औषध आणि गरजेनुसार केमोथेरपी दिली जाते. मात्र जाग्या झालेल्या टी-पेशी मूत्रपिंडावरही उलटू शकत असल्यामुळे, मात्रा उतरवताना डॉक्टर मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन पुन्हा पुन्हा तपासतात.