ऑइल पेंटने बेसिन नवं होत नाही

झिजलेल्या बेसिनला ऑइल पेंटचे दोन हात मारले की काम झालं, हा समज चुकीचा आहे. चिनी मातीवरचा थर काचेसारखा गुळगुळीत. रंगाला पकडच मिळत नाही. आधी जाळीच्या कडेला फुगे येतात, मग पापुद्रे सुटतात.

दोन भागांचा इपॉक्सी रंग घ्या: एक रंग, दुसरा तो कडक करणारा हार्डनर. जुनं सिलिकॉन खरवडा, क्षार व्हिनेगरने काढा. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासा, चमक पूर्ण मरेपर्यंत. खरी मेहनत इथेच. धुऊन २४ तास वाळवा, ॲसिटोनने पुसा. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, अंदाजाने नाही. कमी पडला तर थर चिकटच राहतो. पातळ दोन हात द्या. खिडकी उघडी, हातमोजे आणि रसायनाच्या वाफा अडवणारा मास्क हवाच. गळका नळ आधी दुरुस्त करा. आरपार तडा असेल तर बेसिनच बदला.