पंचगंगेचे पाणी इंचाइंचाने वाढते तेव्हा

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ‘पाणी किती फुटांवर गेलं?’ हाच असतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्याच दिवसांत एक दिलासादायक बातमीही हमखास येते: काल फुटाफुटाने चढणारे पाणी आज इंचाइंचाने वाढत आहे, वेग मंदावला आहे. ही बातमी ऐकून बांधलेली गाठोडी पुन्हा सोडणारी घरे मी पाहिली आहेत. वस्तुतः पूर ओसरू लागल्याचे हे लक्षण नसून बहुतेक वेळा नदी पात्राबाहेर पडल्याचे लक्षण असते.

तांब्याभर पाणी उभ्या, अरुंद भांड्यात ओतले तर ते वीतभर चढते आणि तेच परातीत ओतले तर जेमतेम तळ झाकते. नदीचेही तसेच आहे. हिशेबासाठी पात्राची रुंदी 100 मीटर धरू. एक किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात पातळी एक फूट वाढवायला सुमारे 30,500 घनमीटर पाणी लागेल. वरून येणारे पाणी खाली निघून जाणाऱ्या पाण्यापेक्षा 1,000 क्युसेकने, म्हणजे सेकंदाला सुमारे 28 घनमीटरने जास्त असेल, तर हा फूट अठरा मिनिटांत भरतो. आता नदी काठ ओलांडून उसाच्या फडांत शिरली आणि पाण्याची रुंदी दोन किलोमीटर झाली, असे समजू. तोच एक फूट भरायला आता वीसपट पाणी लागेल आणि तेवढ्याच जादा आवकेला सहा तास लागतील, म्हणजे अर्ध्या तासाला एक इंच. आवक तिळभरही कमी झालेली नाही; भांडे तेवढे बदलले आहे.

शिवाय हे इंच उभे मोजलेले असतात. हजार फुटांना एक फूट इतका मंद उतार असलेल्या शेतात पाणी एक इंच चढले की त्याची कड ऐंशीहून अधिक फूट पुढे सरकते. प्रयाग चिखली, आंबेवाडी यांसारख्या गावांचे रस्ते बघता बघता पाण्याखाली जातात, ते यामुळे. घराच्या पायरीला पाणी लागलेले नसते, पण गावाबाहेर पडण्याची वाट बंद झालेली असते.

येथे थोडे खोलात जाणे भाग आहे. पातळीवरून विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, काढण्यासाठी जलशास्त्रज्ञ पातळी-विसर्ग वक्र वापरतात. परंतु हा वक्र एकच एक नसतो. पूर चढत असताना पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार तीव्र असतो आणि उतरताना तो सपाट होतो. त्यामुळे 45 फुटांच्या त्याच खुणेला चढत्या पुरात जास्त आणि उतरत्या पुरात कमी पाणी वाहत असते. पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णाच फुगलेली असेल, तर पंचगंगेच्या पाण्याचा उतार आणखी कमी होतो आणि तेवढाच विसर्ग पुढे सरकण्यासाठी पातळीला आणखी वर चढावे लागते. याला फुगवटा म्हणतात. शहरात जयंती नाल्यात पाणी उलटे शिरते आणि नदीकाठापासून दूर असलेल्या सुतारवाड्यात पहिल्यांदा स्थलांतर करावे लागते, त्यामागेही फुगवटाच असतो. कृष्णेवरील अलमट्टी धरणामुळे हा फुगवटा वाढतो का, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. कोल्हापुरात पाऊस थांबला तरी पातळी लगेच का उतरत नाही, एवढे यावरून कळावे.

‘राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडले’ या बातमीनेही उगाच धडकी भरते आणि पाठोपाठ धरण फुटल्याचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. हे दरवाजे स्वयंचलित आहेत. जलाशय भरला की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून 1,428 क्युसेक, म्हणजे सातांमधून मिळून सुमारे दहा हजार क्युसेक पाणी सुटते. धरण फुटले असते तर आकडा हा राहिला नसता, एवढा विचार संदेश पुढे पाठवण्यापूर्वी करायला हरकत नाही. नदीची ओटी भरून पाणी उतरते, या श्रद्धेशी माझे भांडण नाही. मात्र ओटी भरली म्हणून जनावरे गोठ्यात बांधून ठेवणाऱ्याशी आहे.

2019 मध्ये अनेकांनी 2005 च्या पुराची भिंतीवरची खूण हीच कमाल मर्यादा मानली. त्या वर्षी पाणी 55 फुटांवर गेले आणि 2021 मध्येही ते तेथवर पोहोचले. शिंगणापूर आणि बालिंगा येथील उपसा केंद्रे 2019 मध्ये पाण्यात गेल्याने चारही बाजूंना पाणी असलेल्या शहरात प्यायला पाणी नव्हते. त्याच पुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीची वेळ येण्याआधी, रस्ता कोरडा असताना निघणे हेच सर्वांत सुरक्षित स्थलांतर असते.

म्हणून घराची, दवाखान्याची किंवा कारखान्याची योजना वेगाच्या बातमीवर नव्हे, तर फुटांवर बांधावी. मागच्या पुरात आपल्या रस्त्यावर पाणी आले तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर किती फूट होते, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. उंबऱ्याला लागले तेव्हाचा आकडा वेगळा लिहावा. जनरेटर, औषधांचा फ्रीज आणि कागदपत्रे कोणत्या फुटाला वरच्या मजल्यावर न्यायची, जनावरे कोणत्या फुटाला हलवायची आणि 1077 या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर फोन कोणी करायचा, हे त्यापुढे लिहावे. फुगवट्यामुळे हे आकडे दर पुराला थोडे मागेपुढे होतात. म्हणून निघण्याचा आकडा रस्त्यावर पाणी येण्याच्या आकड्यापेक्षा दोन फूट तरी खाली धरावा.