खान्देशातली बाई आणि ऑपरेशनचं टेबल : पार्श्वभूमी

मार्चअखेर जवळ आला की खान्देशातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात जीपगाड्या लागायच्या. गावोगावच्या बायकांना 'कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशन'ला आणायचं आणि बिनटाक्याचं असेल तर त्याच दिवशी घरी सोडायचं, असा तो रिवाज. त्याच गावातल्या एखाद्या म्हातारीचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर आलेलं असायचं, पण तिच्यासाठी जीप यायची नाही. फुकट किंवा सेवाभावानं मिळणाऱ्या शस्त्रक्रियेत बाईच्या वाट्याला काय आलं, याचा इतिहास पाहायचा तर हा फरक डोक्यात ठेवावा लागतो.

सेवाभावी शस्त्रक्रियेची मूळ कल्पना पुरुषाभोवती उभी राहिली. १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला तो रणांगणावरच्या जखमी सैनिकासाठी. गरोदर बायकांना खास संरक्षण द्यावं, हे कलम १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात आलं. युद्ध आणि निर्वासितांच्या छावण्यांमध्ये अडलेल्या बाळंतिणीची सोय पहिल्या दिवसापासून हवी, हा आग्रह तर लोकसंख्या आणि विकासावरच्या १९९४ च्या कैरो परिषदेनंतरचा.

आपल्याकडे सुरुवात वेगळी झाली. बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत म्हणून १८८५ मध्ये डफरिन फंड हा बायकांच्या उपचारांसाठीचा निधी निघाला आणि स्त्रियांसाठी वेगळी इस्पितळं उभी राहिली. देशातल्या सुरुवातीच्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक, डॉ. रखमाबाई, १८९५ पासून सुरतेत अशाच इस्पितळात काम करत होत्या. पुढं तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत आली, पण सातपुड्यातल्या पाड्यांवरून त्या रेल्वेपर्यंत पोचणंच अवघड होतं. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल होतं. बाकी धुळ्याचं सिव्हिल, नाहीतर भगत आणि सुईण.

सरकारी शस्त्रक्रिया खऱ्या अर्थानं गावात शिरली ती नसबंदीच्या रूपानं. कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ चा. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या आणि त्यांतल्या तब्बल ६२ लाख पुरुषांच्या होत्या. सरकार पडलं, पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढायचं धाडस पुन्हा कुणी केलं नाही, आणि सगळा भार बायकांवर आला. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, कमी धोक्याचं, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक होतं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांमागे स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के दिसते आणि पुरुषांची ०.३ टक्के. नसबंदीची ठरवून दिलेली वार्षिक उद्दिष्टं १९९६ मध्ये कागदावरून गेली. मार्चची घाई मात्र गेली नाही. २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं झाली, आणि त्या प्रकरणात डझनाहून जास्त जणी दगावल्या. २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली.

तिच्या स्वतःच्या दुखण्यांचं काय? गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात तेव्हा कुणी मोजलं असतं तर चित्र फार निराळं निघालं असतं, असं मला वाटत नाही. शिवाय इथं रक्ताची कमतरता आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. 'रक्त कमी आहे, भरून या' एवढ्यावर ऑपरेशन पुढं ढकललं जातं. रक्त मिळणार धुळ्याला नाहीतर नंदुरबारला, सोबत एक माणूस हवा, त्याची मजुरी बुडणार. मग घरातच निर्णय होतो की पावसाळ्यानंतर बघू.

योजना आल्या. २ जुलै २०१२ ला गरिबांना फुकट उपचार देणारी राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. आता ती महात्मा फुल्यांच्या नावानं चालते. केंद्राच्या जुन्या आरोग्य विमा योजनेत कार्डावर कुटुंबातली पाचच माणसं बसत. सहावं नाव कुणाचं गळत असेल, हे सांगायला नको. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेनं ती मर्यादा काढली. ही सुधारणा दिसायला किरकोळ, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत कामाची. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, त्यामुळं सर्जन आणि भूलतज्ज्ञ थोडे जवळ आले. धडगावच्या वरच्या पाड्यांवरून मात्र आजही पेशंट झोळीतून उतरवावा लागतो.

आकडेवारी पाहताना एक खबरदारी हवी. एकूण ऑपरेशनं मोजली तर बाई पुरुषाच्या बरोबरीनं, कधी पुढंही दिसते, कारण त्यात सिझेरियन आणि नसबंदी धरलेली असते. ती दोन्ही वजा करून मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशय, हाड मोडणं, भाजल्यानंतरचं आखडणं यांचे स्त्री-पुरुष आकडे तालुकावार वेगळे मांडायला हवेत.