अल्पकालीन मानसोपचार आणि मोबाइलवरचा पाठपुरावा (आत्महत्या प्रतिबंध)

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या किंवा तसे विचार सारखे येणाऱ्या माणसाला मोजक्या बैठकांचा मानसोपचार द्यायचा आणि बैठका संपल्यावरही मोबाइलवरून संपर्क चालू ठेवायचा, अशी ही पद्धत. बैठका एकापासून बारापर्यंत असतात. मोबाइलवर कधी नुसते मेसेज येतात, कधी सेफ्टी प्लॅन (संकटाच्या वेळी काय करायचं याची आधीच लिहून ठेवलेली यादी) हाताशी असतो, कधी रोज मूडबद्दल एखादा प्रश्न, कधी एका टॅपवर कॉल. औषधं किंवा नेहमीची ओपीडी याने बंद होत नाही.

उगम : यावर एकमत नाही. अ‍ॅपवाले लोक सुरुवात स्मार्टफोनपासून धरतात, पण धागा त्याच्या बराच मागे जातो. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी साधारण १९६९ पासून, हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या पण पुढचे उपचार नको म्हणणाऱ्या ८४३ पेशंटपैकी जवळपास निम्म्यांना छोटी पत्रं पाठवली. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर चार ओळी लिहा, एवढाच मजकूर, ना अपॉइंटमेंट ना सल्ला. पाच वर्षांत २४ पत्रं, सुरुवातीला दर महिन्याला आणि मग अंतर वाढवत. २००१ साली आलेल्या अंतिम निष्कर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये पहिल्या दोन वर्षांत मृत्यू कमी दिसले, पुढे फरक विरत गेला. (युद्धात असताना मोटोंना घरून येणाऱ्या पत्रांवरून ही कल्पना सुचली असं सांगतात.) दुसरा प्रवाह बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांच्या सेफ्टी प्लॅनचा. धोक्याची लक्षणं, स्वतः करायच्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागायची माणसं, डॉक्टर व हेल्पलाइन, आणि शेवटी घर सुरक्षित करणं अशा सहा पायऱ्या, क्रमाने. तिसरा स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा, कोनराड मिशेल आणि आन्या गिझिन-मायार यांचा : तीन बैठका, पहिलीत पेशंट आपली गोष्ट आपल्याच शब्दांत सांगतो आणि तिचं रेकॉर्डिंग होतं, दुसरीत दोघं मिळून ते बघतात, तिसरीत लक्षणं आणि उपाय घडीच्या छोट्या कार्डावर येतात, मग दोन वर्षांत सहा पत्रं. मोबाइलचं घराणं पहिल्या प्रवाहाशी जोडणं जास्त पटतं, कारण स्क्रीनवर सेफ्टी प्लॅन उघडला तरी पेशंट त्याकडे परत वळतो तो पलीकडे कोणीतरी आठवण ठेवून आहे म्हणून.

परिणाम : बर्नच्या २०१६ च्या चाचणीत १२० पेशंटमध्ये दोन वर्षांत पुन्हा झालेले प्रयत्न ही पद्धत मिळालेल्यांत ५ आणि इतरांत ४१ होते, आकडा इतका देखणा की सगळीकडे तोच फिरतो, पण २०२२ मध्ये हेलसिंकीला २३९ जणांवर हीच पद्धत क्रायसिस काउन्सेलिंगशी ताडून पाहिली तेव्हा लक्षणीय फरक निघाला नाही, तेव्हा जपूनच बोलावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासात, ज्यात चेन्नई होतं, सुमारे तासभराची एक बैठक आणि दीड वर्षात नऊ संपर्क एवढ्यावर आत्महत्येने झालेले मृत्यू ०.२ टक्के राहिले, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ते २.२ टक्के होते (२००८), आणि त्यात अ‍ॅप नव्हतंच, फोन आणि भेटी होत्या. मोबाइल जोडलेल्या चाचण्यांचं चित्र फिकट आहे. अमेरिकेत ६६ किशोरवयीन पेशंटना वॉर्डातच छोटा उपचार आणि सोबत अ‍ॅप दिलं (२०१८), त्यांच्यात पुन्हा प्रयत्न १६ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३१ टक्के, पण संख्या लहान म्हणून फरक सिद्ध धरता आला नाही. डेन्मार्कच्या एका चाचणीत (२०१९) तर अ‍ॅप मिळालेल्यांची जोखीम उलट कमी प्रमाणात उतरली. साध्या एसएमएसबद्दल अमेरिकी सैनिकांवर झालेल्या ६५८ जणांच्या चाचणीतही मुख्य निकष साधले नाहीत, बाकी काही ठिकाणी फायदा दिसला. शिवाय २०१९ मध्ये ६९ अ‍ॅप तपासली तर फक्त पाचांतच शिफारस केलेल्या सगळ्या गोष्टी होत्या आणि काहींत हेल्पलाइनचा नंबरच चुकीचा होता.

मुंबईत : केईएम, सायन, नायर, कूपर इथल्या कॅज्युअल्टीत असा पेशंट आला की एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी मेडिको-लीगल केस) होते, पोलीस जबाब घ्यायला येतात, आणि केस होईल या धास्तीने नातेवाईक डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन निघून जातात. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं १९८६ साली, पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं, आणि दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम उरलं नाही (सरकारी नोकरावर दबाव टाकण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे). लोकांच्या मनातली भीती मात्र गेलेली नाही. म्हणून केसपेपरवर नंबर दिला जातो तो भावाचा नाहीतर शेजाऱ्याचा. चाळीत किंवा एका खोलीच्या घरात फोन कधीच एकट्याचा नसतो, चार्जिंगला लावलेल्या फोनवर नोटिफिकेशन चमकली की घरातल्या कोणाचीही नजर जाते, त्यामुळे मेसेजचा मजकूर ‘ओपीडीतून बोलतोय, पुढच्या आठवड्यात फोन करू’ इतकाच बरा. रिचार्ज संपला की इनकमिंगही बंद पडतं, म्हणून दुसरा नंबर पेशंटला विचारूनच घ्यावा. अ‍ॅप नको असेल तर कागदावरच्या सेफ्टी प्लॅनचा फोटो गॅलरीत ठेवला तरी काम भागतं. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल सेवा २०१२ पासून फोन आणि ईमेलवर समुपदेशन देते, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

जबाबदारी : ‘आज जगावंसं वाटतं का’ या प्रश्नाला कोणी रात्री दोन वाजता ‘नाही’ असं उत्तर दिलं तर ते वाचणारं कोण, हे चालू करण्याआधी ठरलेलं असायला हवं. वाचणारं कोणी नसेल तर तसं पहिल्या बैठकीतच सांगायचं आणि त्या वेळी लावायचा नंबर पेशंटच्याच फोनमध्ये सेव्ह करून, एकदा लावून बघायचा.