पांढरी (पुरातत्त्व)

जुन्या वस्तीच्या जागी साचलेल्या राखाडी-पांढरट मातीच्या टेकाडाला मराठवाड्यात पांढरी किंवा पांढर म्हणतात. महसुली बोलीत काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे गावठाण. कुडाच्या भिंती ढासळून त्यांत चुलीची राख, शेण, हाडे व चुन्याचा अंश मिसळला की ही माती तयार होते.

गोदावरीकाठी पैठण तालुक्यातील आपेगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1976 मध्ये ताम्रपाषाणयुगीन (तांब्याबरोबर दगडी हत्यारेही वापरणाऱ्या लोकांच्या) वसाहतीचे उत्खनन केले. याच युगातील जोर्वे संस्कृतीचा मुख्य काळ साधारणतः इ.स.पू. 1400 ते 1000 मानतात. तिच्या इनामगाव (जि. पुणे), दायमाबाद (जि. अहिल्यानगर) येथील मोठ्या वस्त्यांत तटबंदीचे अवशेष मिळाले. लहान खेडी मात्र बहुधा उघडीच असावीत. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील वस्त्या इ.स.पू. 1000 च्या सुमारास उजाड झाल्या. पाऊसमान घटल्याने हे घडले, असे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचे मत आहे. तथापि तितक्याच अवर्षणप्रवण भीमा खोऱ्यात इनामगाव इ.स.पू. 700 पर्यंत टिकले. तेव्हा केवळ पावसाचे कारण अपुरे वाटते.

जोर्वे खापर तांबूस, त्यावर काळी नक्षी. भाजणी पक्की असल्याने नखाने टिचकी मारल्यास खणखणते. पहिल्या पावसानंतर नांगरटीत अशी खापरे व गारगोटीची पाती उघडी पडतात. पण एवढ्यावरून तेथे वस्ती होती असे ठरवू नये. राखेच्या खतासाठी शेतकरी पांढरी गाडीने वाहून शेतात पसरतात. तिच्याबरोबर खापरेही जातात. ओघळीची कड तासून, राख व चोपलेल्या जमिनीचे थर एकावर एक दिसले तरच स्थळ निश्चित समजावे. गढ्यांच्या भिंतीही याच मातीच्या असतात. भिंतीतील खापर भिंतीहून कितीतरी जुने असू शकते.

टेकाडांची खरी हानी माळवदामुळे, म्हणजे मातीच्या सपाट छतामुळे झाली. काळी माती उन्हाने भेगाळते, म्हणून छतावर लाकूड व पाल्यावर पांढरीच दाबतात आणि दर उन्हाळ्यात नवा थर चढवतात. शतकानुशतके टेकाडे अशी पोखरली गेली. वरचे म्हणजे सर्वांत अलीकडचे थर आधी जातात, खड्ड्यांत नवेजुने मिसळते, आणि एकदा उचललेला थर पुन्हा वाचता येत नाही.

संरक्षित स्थळांना केंद्राचा 1958 चा व महाराष्ट्राचा 1960 चा प्राचीन स्मारके अधिनियम लागू होतो. केंद्र-संरक्षित स्थळाभोवती 100 मीटर बांधकामास मनाई असून पुढील 200 मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. यादीत नसलेल्या पांढरीला मात्र हे कवच मिळत नाही.