मॉरल डॅमेजेस म्हणजे सरकारला केलेला दंड नव्हे

आमच्या गुहागरात एन्रॉनच्या वीजप्रकल्पाचा विषय निघाला की आंतरराष्ट्रीय लवादही निघतो, म्हणजे परदेशी गुंतवणूकदार सरकारविरुद्ध जिथे दाद मागतो ते न्यायपीठ, कारण प्रकल्पातल्या भागीदार बेक्टेल आणि जीईने तेव्हा मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत दावे लावले होते आणि २००५ ला तडजोड झाली. मग कुणीतरी हमखास सांगतं की अशा केसमध्ये सरकारला मॉरल डॅमेजेस, म्हणजे ‘नैतिक नुकसानभरपाई’ लागते, म्हणजे अनीतीने वागल्याचा दंड. हे भाषांतरच मला खुपतं. इथल्या मॉरलचा नीतीशी काही संबंध नाही, बाजारभाव नसलेलं नुकसान एवढाच अर्थ: मनस्ताप, धाक, बेअब्रू, पत जाणं. मी सरळ ‘मनस्ताप-बेअब्रूची भरपाई’ म्हणतो.

प्युनिटिव्ह डॅमेजेस सगळ्यांना माहीत असतात, अद्दल घडावी म्हणून घेतलेले जादा पैसे, ते सोडा.

आता समजा वेलदूरच्या एका तांडेलाची होडी बेकायदा जप्त केली आणि त्याला दोन दिवस कोठडीत ठेवलं. जाळी कुजली, मासळी गेली, हे साधं नुकसान, बिलं दाखवा नि पैसे मागा. पण अख्ख्या बंदरासमोर बेड्या घालून नेलं, झोप उडाली, बर्फवाला उधार देईनासा झाला, हे मॉरल. त्याची रक्कम ठरवताना तांडेलाला किती लागलं तेच बघायचं, जप्त करणारा साहेब किती माजला होता त्यावर आकडा चढवलात की तो दंड झाला. जर्मनीने पहिल्या महायुद्धात बुडवलेल्या लुसितानिया बोटीच्या दाव्यांत १९२३ सालीच अमेरिका-जर्मनी दावे आयोगाचे अंपायर, म्हणजे अंतिम निवाडा करणारे, पार्कर यांनी हे वेगळं केलं होतं, मानसिक यातनांची भरपाई द्यायची, शिक्षा म्हणून काही द्यायचं नाही.

तरी लोक अडखळतात, आणि त्यात लवादांचाही वाटा आहे. डेझर्ट लाइन विरुद्ध येमेन (२००८) मध्ये ओमानच्या रस्ते बांधणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना धमकावलं, अडकवून ठेवलं, कंपनीची पत गेली. कंपनीने ४ कोटी ओमानी रियाल मागितले, मिळाले १० लाख डॉलर, पण कारण देताना लवाद सरकारच्या दुष्ट हेतूबद्दल बोलला आणि तिथून घोळ पसरला. नंतर लेमिर विरुद्ध युक्रेन (२०११) मध्ये कसोटी लागली की सरकारची कृती आणि झालेला परिणाम दोन्ही गंभीर हवेत, आणि त्या केसमध्ये मॉरल म्हणून वेगळं काहीच मिळालं नाही. माझं मत ठाम आहे, कृती किती गंभीर हे दारात अडवण्यापुरतं, म्हणजे भरपाई द्यायची की नाही एवढं ठरवण्यापुरतं ठेवा, रकमेत आणू नका.

भारताच्या २०१५ च्या नमुना करारात, म्हणजे इतर देशांशी गुंतवणुकीचे करार करण्यासाठी ठरवलेल्या मसुद्यात, लवादाला प्युनिटिव्हही देता येत नाहीत आणि मॉरलही नाहीत. दोन्ही नावं वेगवेगळी घेतली आहेत, एकच असती तर एकाने भागलं असतं.

आणि १९९७ च्या एन्रॉनविरोधी आंदोलनात आपल्या गावकऱ्यांनी जे सोसलं त्याची भरपाई अशा लवादात मागता येते का, हेही विचारतात. नाही येत. तिथे दावा परदेशी गुंतवणूकदाराचा, गावकऱ्याला आपल्याच कोर्टाची पायरी चढावी लागते.