न्याहारी ते जेवण: टर्नरची युद्धनौका

इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं फार्नली हॉल समुद्रापासून बरंच आत आहे. घर वॉल्टर फॉक्स यांचं, आणि चित्रकार टर्नर तिथे घरच्यासारखा राहायचा. १८१८ साली एका सकाळी न्याहारी करताना फॉक्स यांनी त्याला फर्माईश केली: युद्धनौका केवढी असते याचा अंदाज येईल असं काहीतरी काढून दे. टर्नर फॉक्स यांच्या मुलाला, हॉक्सवर्थला, सोबत घेऊन उठला. दुपारच्या जेवणाआधी चित्र तयार! ‘सामान भरणारी पहिल्या दर्जाची युद्धनौका’ म्हणून ओळखलं जातं ते हे जलरंगचित्र.

मुलगा शेजारी बसून बघत होता, म्हणून तर ही हकिकत उरली. कागद चिंब होईपर्यंत टर्नर रंग ओतत राहिला. मग त्याने तो खरवडला, घासला, वाढवलेल्या अंगठ्याच्या नखाने समुद्र अक्षरशः ओरबाडून काढला. आधी नुसता राडा दिसत होता. हळूहळू त्यातून जहाज वर आलं.

कागद जेमतेम ४० सेंटीमीटर रुंद. त्यावर प्रचंड जहाज दाखवायचं, तर टर्नरने बघणाऱ्याला थेट पाण्यालगत आणून बसवलं. उजवीकडे तोफांच्या खिडक्यांची भिंतच उभी राहते. जहाज कागदात पुरतं मावतच नाही. खालच्या होड्या मात्र खेळण्यातल्या वाटतात.

पहिल्या दर्जाची नौका म्हणजे तीन मजल्यांवर मिळून १०० किंवा त्याहून जास्त तोफा. ब्रिटिश आरमाराच्या सेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’वर १०४ होत्या, आणि १८०५ च्या ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत ८२१ माणसं. एका खलाशाचा रोजचा शिधा एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटरच्या आसपास, बिअर. ८०० तोंडं धरली तर नुसती बिअरच दिवसाला साडेतीन हजार लिटरच्या वर! खारवलेलं मांस, वाटाणे, दारूगोळा वेगळाच. नांगरलेल्या जहाजापर्यंत हे सगळं पडावांतून न्यायचं. सामान भरतानाचा क्षण टर्नरने निवडला तो म्हणूनच, असं मला वाटतं. जहाजाचं पोट केवढं, ते अशा वेळीच कळतं.

समोर जहाज नव्हतंच. पण ट्रफाल्गरहून परतलेली ‘व्हिक्टरी’ त्याने १८०५ च्या डिसेंबरात पाहून वहीत टिपली होती. नेपोलियनशी चाललेलं युद्ध १८१५ ला संपलं आणि १८१३ मध्ये सुमारे १,४५,००० माणसांचं असलेलं ब्रिटिश आरमार १८१७ पर्यंत १९,००० वर आलं. अशी जहाजं एकामागून एक रिकामी पडत असताना टर्नर एक भरत होता.

त्या युद्धाने जहाजांसाठी लागणाऱ्या ओकच्या लाकडाची टंचाई केली, आणि आरमाराने मुंबईच्या सागवानी जहाजांकडे मोर्चा वळवला. जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये, म्हणजे चित्राच्या आदल्याच वर्षी, पाण्यात उतरली. ती फ्रिगेट, म्हणजे लहान आकाराची युद्धनौका, चित्रातल्या जहाजापुढे धाकटीच. टर्नरचा कागद आज बेडफर्डच्या संग्रहालयात आहे आणि ‘ट्रिंकोमाली’ हार्टलपूलला, अजून पाण्यावर.